समेच्या आधी येणारी जाहिरात

जाहिरातींशिवाय संगीत कसे ऐकावे, हा प्रश्न आज प्रामुख्याने तांत्रिक मानला जातो. कोणी एखादे ॲप सुचवतो, कोणी न्याहाळकात बसवायचा जाहिरात-रोधक सुचवतो, कोणी 'महिन्याचे पैसे भरा आणि मोकळे व्हा' असे सांगतो. हे उपाय खोटे नाहीत. त्यांतले काही माझ्याही वापरात आहेत. परंतु प्रश्न मुळात तांत्रिक नाही. संगीत ही काळात घडणारी कला आहे आणि जाहिरात हीसुद्धा काळच विकत घेते. एकाच वस्तूवर दोघांचा दावा असल्यावर तंटा होणारच. तो कोणाच्या बाजूने सुटतो, हे पाहिले पाहिजे.

हा तंटा सर्वांत उघडा पडतो तो ख्यालाच्या बाबतीत. अतिविलंबित लयीत एका आवर्तनाला मिनिटभर लागू शकते. आमिर खाँ यांचा विलंबित झूमरा आठवावा. चौदा मात्रांच्या त्या संथ फेऱ्यात गायक जे काही करतो, ते सारे समेच्या दिशेने चाललेले असते. ऐकणाऱ्याच्या मनात एक ताण हळूहळू बांधला जातो आणि समेवर तो सुटतो. नेमक्या अशा वेळी, बाराव्या-तेराव्या मात्रेवर, कोणीतरी मोठ्या आवाजात कर्जाचा हप्ता किंवा खोबरेल तेल घेऊन येते. जाहिरात संपल्यावर गाणे तिथूनच पुढे सुरू होते, हे खरे. पण ताण परत येत नाही. कादंबरीचे पान उलटताना मध्ये जाहिरातीचे पान लागले तर डोळा ते ओलांडून जातो, वाक्य तिथेच थांबलेले असते. स्वराला असे थांबता येत नाही.

यूट्यूबने जुलै २०२० मध्ये, मधोमध जाहिरात घालण्यासाठी चित्रफितीची किमान लांबी दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आणली. चित्रपटगीताला या नियमाची झळ फारशी लागत नाही. ते तीन-चार मिनिटांत संपते आणि जाहिरात आधी किंवा नंतर येते. चाळीस मिनिटांचा दरबारी मात्र त्या जाळ्यात अलगद सापडतो. शिवाय जाहिरातीसाठी 'नैसर्गिक विराम' शोधले जातात, असे या व्यवस्थेचे सांगणे आहे. आलापातली शांतता यंत्राला नैसर्गिक विराम वाटली तर त्यात नवल नाही. दोन स्वराकृतींमध्ये गायकाने राखलेली जागा ही गाण्याचाच भाग असते, हे त्याला कोण आणि कसे शिकवणार?

यावरून जाहिरात ही मुळातच संगीताची शत्रू आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे होईल. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेली 'बिनाका गीतमाला' एका टूथपेस्टच्या नावानेच ओळखली गेली आणि अमीन सयानींच्या आवाजात ते नावही श्रोत्यांनी प्रेमाने ऐकले. त्याच काळात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. अभिरुची सुधारावी या हेतूने आकाशवाणीने चित्रपटसंगीताला आवर घातला आणि श्रोते सिलोनकडे, म्हणजे थेट प्रायोजकांच्या मांडीवर, जाऊन बसले. शुद्धतेच्या आग्रहाने जाहिरातीला श्रोता मिळवून द्यावा, यातला उपरोध आजही नजरेआड करण्याजोगा नाही. पुढे १९५७ साली 'विविध भारती' आली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावरही मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांतून जाहिराती सुरू झाल्या. त्या जिंगल्स अनेकांना गाण्यांइतक्याच पाठ आहेत. पण त्या दोन गाण्यांच्या मध्ये येत. माणूस अंतऱ्यात शिरत नसे. माझी तक्रार जाहिरातीच्या अस्तित्वाविषयी नसून तिने आता बळकावलेल्या जागेविषयी आहे.

जाहिरातमुक्त संगीताचे मराठी मनातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते प्रसारित झाली. तेव्हा आकाशवाणीवर जाहिरात नव्हतीच, त्यामुळे मध्ये कोणी यायचा प्रश्न नव्हता. या आठवणीत रमणारे एक गोष्ट सहसा विसरतात: हे ऐकणे फुकट नव्हते. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. त्याच्याही मागे जाऊन पाहिले तर दरबारात राजा पैसे देई, आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या तेव्हा ते पैसे श्रोत्यांनी आपसांत वाटून घेतले. अखंड संगीताची किंमत प्रत्येक काळात कोणीतरी मोजली आहे. ती उघडपणे मोजली जाई, एवढेच.

मग आज महिन्याची वर्गणी भरण्याला हरकत काय? तत्त्वतः काहीच नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूबची पैसे भरून मिळणारी सेवा, दोन्ही भारतात २०१९ च्या सुरुवातीला आल्या. 'गाना'ने २०२२ मध्ये फुकट ऐकणेच बंद केले. ज्याला परवडते त्याने वर्गणी अवश्य भरावी. परंतु आपण काय विकत घेतो याचा विचार करावा. ती खरेदी नव्हे, भाडे आहे. २०२४ मध्ये 'विंक म्युझिक' बंद झाले तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे निगुतीने रचलेल्या याद्या ज्या जागेत होत्या, ती जागाच उठून गेली. घरमालकाने घर पाडले तर भाडेकरूने दाद कुठे मागायची? आणखी एक, काहीशी गौण वाटेल पण मला सलणारी गोष्ट: या सेवांवर ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाला तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, मैफल कोणत्या साली झाली, हे पुष्कळदा सापडतच नाही. पैसे भरून जाहिरात जाते, अज्ञान तिथेच राहते.

वर्गात मुलांना संगीत नाटकाविषयी शिकवताना लक्षात येते की त्यांतले बहुतेक जण फुकटच्या सेवेवर ऐकतात. शंभर-सव्वाशे रुपये ही रक्कम प्राध्यापकाला नगण्य वाटते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ती दोन-तीन दिवसांच्या जेवणाची असू शकते. म्हणजे अखंड आलाप ऐकण्याची सवय ज्यांना लागायला हवी, त्यांच्याच वाट्याला तो तुकड्यातुकड्यांनी येतो. विलंबित ऐकायला कंटाळतात म्हणून आपण या पिढीला बोल लावतो. ते ज्या स्वरूपात त्यांच्यापर्यंत पोचते, त्या स्वरूपात आपणही ऐकले असते का, हे विचारत नाही.

जाहिरात-रोधकाविषयी नीतिमत्तेचा मुद्दा हमखास निघतो. जाहिरात अडवणे म्हणजे कलावंताच्या तोंडचा घास काढणे, असे म्हटले जाते. हयात कलावंताने स्वतः चढवलेल्या गाण्याबाबत हे पटण्यासारखे आहे. पण नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने आपल्या अटी बदलल्या आणि उत्पन्नात वाटा नसलेल्यांच्या चित्रफितींवरही जाहिराती लावण्याचा हक्क राखून घेतला. एखाद्या रसिकाने घरातल्या जुन्या फितीवरून, खर्चाने आणि कष्टाने, कोणा विस्मृत गायिकेची मैफल उतरवून ठेवली असेल, तर तिच्यात घुसणाऱ्या जाहिरातीचा पैसा ना गायिकेच्या वारसांना, ना त्या रसिकाला. तिथे घास कोणाच्या तोंडचा जातो? अशा वेळी रोधक लावताना माझे मन खात नाही.

ज्यांना या भानगडीतच पडायचे नाही त्यांनी 'कारवां' घेतला. जुन्या एचएमव्हीची वारसदार असलेल्या सारेगामाने २०१७ मध्ये आणलेली ही पेटी, आत पाच हजार गाणी, मध्ये जाहिरात नाही. घरोघरच्या ज्येष्ठांना ती आवडली यात आश्चर्य नाही. बटण फिरवले की गाणे लागते, एवढेच त्यांना हवे होते. निवड अर्थात कंपनीची. त्यापेक्षा माळ्यावरच्या सीडी आणि कॅसेटी खाली काढाव्यात, हा सल्ला जुनाट वाटेल, पण ती वस्तू आपली असते आणि तिच्यावर पुढे कोणी अटी बदलू शकत नाही.

सार्वजनिक वाटाही आहेत, केवळ त्यांची कोणी जाहिरात करत नाही. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ पासून 'रागम्' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी चालवली आहे आणि ती भ्रमणध्वनीवर ऐकता येते. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो (शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात). त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा फार मोठा ठेवा, ध्वनिमुद्रण म्हणून, आज कोणाच्याही खासगी मालकीचा नाही. १९०२ साली गौहरजान यांनी पहिल्या तबकड्यांवर गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे आहे ते कळावे म्हणून. गाण्यात शिरलेला तेवढाच परका शब्द, आणि तोही गाणारीचाच. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या बाहेर गेली. ती तरी सुखरूप आहे.

या ठेव्याचे जतन आजवर मुख्यतः संग्राहकांनी स्वतःच्या खिशातून केले. महाविद्यालयांना ते अशक्य नाही. प्रत्येक ग्रंथालयात संदर्भग्रंथांची खोली असते; तिथेच एक ध्वनिवर्धक, हक्क संपलेल्या ध्वनिमुद्रणांचा नीट नोंदी केलेला साठा आणि आठवड्यातून दोन तास दार बंद करण्याची परवानगी एवढेच लागेल. साथीदारांची नावे, साल, राग, ताल या नोंदी करणे हे तर मराठीच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही देता येईल. आमच्या ग्रंथालयात सीडींचे एक कपाट आहे आणि त्या वाजवायला यंत्र नाही. मागणीचा अर्ज खरेदी समितीकडे गेला आहे.