संगणक नातवाचा, मान सगळ्या घराची

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की अनेक घरांत आजी-आजोबांच्या पुढ्यात एक यादी येते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, आणि अगदी तळाशी, किरकोळ खर्च असावा तसे, मॉनिटर, कीबोर्ड, माउस. नातवाला तयार संगणक नको असतो. सुटे भाग निवडून तो जोडून घ्यायचा असतो. त्यावर अभ्यास होईल आणि गेमही खेळता येतील, असे तो मोकळेपणाने सांगतो. मुदतठेवीतून काही रक्कम काढून देण्याची तुमचीही तयारी असते. अडते ते एवढ्यावरच, की यादीतले फारसे काही उमगत नाही आणि म्हणून प्रश्न विचारायला संकोच वाटतो.

वाचकहो, हा संकोच बाळगू नये. यादीचा वरचा भाग नातवाला तुमच्याहून अधिक कळतो, हे खरेच. खालचा भाग मात्र मान, डोळे, पाठ, झोप आणि घरातली वीज यांच्याशी बांधलेला आहे, आणि त्यातला अनुभव तुमच्यापाशी अधिक आहे. म्हणून माझी सूचना अशी, की ही यादी खालून वर वाचावी आणि पैसेही त्याच क्रमाने लावावेत. रॅम पुढे वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी घालता येते. सुटे भाग जोडून घेण्याचा मोठा लाभ तोच. चांगला मॉनिटर आणि चांगली खुर्ची मात्र पहिल्या दिवसापासून शरीराच्या संपर्कात असतात आणि संगणक बदलला तरी पुढच्या संगणकालाही चालतात.

त्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. महाविद्यालयात लॅपटॉप लागणार आहे का? मूल वसतिगृहात राहणार असेल तर डेस्कटॉपचा हट्ट व्यर्थ. घरी राहून शिकणार असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने डेस्कटॉपच बरा. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले असतात. हात नीट टेकवावेत तर मान खाली वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे वर उचलावे लागतात. डेस्कटॉपमध्ये दोन्ही आपापल्या जागी ठेवता येतात.

आता मॉनिटर. मध्यम खर्चाच्या संगणकाला २४ इंचांचा, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा पुरेसा होतो. त्यावर एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला वही उघडून ठेवता येते. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की अक्षरे भरड दिसू लागतात. २७ इंच हवाच असेल तर २५६० गुणिले १४४० बिंदूंचा घ्यावा; मात्र त्यावर खेळताना ग्राफिक्स कार्डाला जवळजवळ पावणेदोनपट बिंदू रंगवावे लागतात, म्हणजे तोही खर्च वाढतो. पॅनेल आयपीएस प्रकारचे असावे. बाजूने पाहिले तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत, आणि तुम्ही शेजारी बसून पाहणार असाल तर हे महत्त्वाचे ठरते. प्रकाश कमी केल्यावर काही पडदे सूक्ष्मपणे लुकलुकतात आणि काहींचे त्याने डोके दुखते. म्हणून खोक्यावर ‘फ्लिकर-फ्री’ असा उल्लेख आहे का, ते पाहावे. हर्ट्झच्या आकड्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. १०० किंवा १४४ हर्ट्झच्या पडद्यावर खेळ अधिक सलग दिसतो, वाचनाला त्याने फारसा फरक पडत नाही.

दुकानात सहसा कोणी न विचारलेला प्रश्न तुम्ही विचारावा: याचा स्टँड वरखाली होतो का? स्वस्त मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त मागेपुढे कलतो. पडदा साधारण हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, हा सर्वसाधारण नियम. परंतु बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना तो तसाच लागू होत नाही. जवळचे पाहण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यामुळे पडदा उंच असला की हनुवटी वर करून पाहावे लागते आणि अर्ध्या तासात मानेचा मागचा भाग भरून येतो. ज्यांना आधीच मणक्यांच्या झिजेचा त्रास आहे, त्यांनी तर याबाबत विशेष जपावे. अशांसाठी पडदा आणखी खाली घेऊन थोडा मागे कलता ठेवावा. उंच नातू आणि ठेंगणी आजी एकाच यंत्रावर बसणार असतील, तर वरखाली होणाऱ्या स्टँडसाठी दिलेले जादा पैसे रोज वसूल होतात. तसा स्टँड मिळाला नाही, तर मॉनिटरच्या पाठीवर धातूचा आर्म बसवण्याची चार भोके आहेत ना, एवढे तरी पाहून घ्यावे. नियमित वापर असेल तर डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून ते नेत्रतज्ज्ञांना सांगावे. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेता येतो.

पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे, ही सवय आजोबा आणि नातू दोघांनाही सारखीच उपयोगी. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांवर मात्र पैसे घालवू नयेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अशा काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचा भरवसा देता येईल असे काही आढळले नाही.

खुर्चीविषयी माझे मत थोडे कडक आहे. शर्यतीच्या मोटारीतल्या आसनासारखी दिसणारी ‘गेमिंग’ खुर्ची केवळ दिसण्यासाठी घेऊ नये. बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकतात का, कोपरे साधारण काटकोनात राहून टेबलावर येतात का आणि कमरेच्या पोकळीला आधार मिळतो का, या तीन गोष्टी प्रत्यक्ष बसून पाहाव्यात. आपल्याकडचे जेवणाचे टेबल सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असते. ठेंगण्या व्यक्तीने त्यावर काम करायचे तर खुर्ची उंच करावी लागते आणि पाय लोंबकळतात. पायाखाली एक पाट ठेवला की भागते. ज्येष्ठांनी मात्र चाकांच्या खुर्चीपासून सावध राहावे. उठताना तिच्या हातांवर भार दिला की ती गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, आणि या वयात तसे पडणे खुब्याच्या हाडावर बेतू शकते. तुमची पाळी असेल तेव्हा चार पायांची, हात असलेली खुर्ची ओढून घ्यावी.

पडण्यावरून वायरींची गोष्ट आली. संगणकाच्या पाच-सात वायरी वाटेत लोळत असतील तर रात्री स्नानगृहाकडे जाणाऱ्या माणसाच्या पायात त्या हमखास येतात. यंत्राची जागा ठरवतानाच त्या भिंतीकडेने बांधून घ्याव्यात. खिडकी पडद्याच्या बाजूला असावी. समोर किंवा पाठीमागे असली की डोळ्यांवर चमक येते.

आता आवाज. दोन खोल्यांच्या घरात संगणक दिवाणखान्यात असतो आणि आजीचा पलंगही तिथेच असतो. मेकॅनिकल कीबोर्डाच्या कळांखालील बटणे रंगांवरून ओळखली जातात. त्यांतले निळे बटण प्रत्येक दाबाला मुद्दाम टकटक वाजते. ते टाळून लाल रंगाचे, तुलनेने शांत बटण घ्यावे, किंवा साधा रबरी कीबोर्ड घ्यावा. कॅबिनेटचे पंखे मोठ्या आकाराचे असले तर कमी फेऱ्यांत तेवढीच हवा खेळवतात आणि आवाज कमी होतो. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. काचेच्या आतले रंगीत दिवे रात्री बंद करता येतात का, तेही विचारावे. हेडफोन आले की शांतता येते. परंतु घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर हेडफोनमधील चुंबक त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर राहील असे पाहावे. गळ्यात घालून तो छातीवर लोंबकळत ठेवू नये.

यादीत वर सरकलो की येतो पॉवर सप्लाय, दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस. पैसे कमी पडू लागले की कात्री बहुधा इथेच लागते, कारण तो दिसत नाही आणि त्याने खेळाचा वेग वाढत नाही. पण घरातली वीज आणि बाकी सर्व महाग भाग यांच्यामध्ये तोच एकटा उभा असतो. त्यावरील ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेचा अपव्यय किती कमी, एवढेच सांगते. सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. म्हणून चिन्हासोबत नामवंत कंपनी आणि पाच वर्षांच्या आसपासची हमी पाहावी. पुढे ग्राफिक्स कार्ड घालायचे असेल तर साडेपाचशे-सहाशे वॉटचा आजच घेऊन ठेवावा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते आणि ‘होते तसे’ म्हणून ती सोडून दिली जाते. विजेतला खरखराट गाळण्यासाठी पॉवर सप्लायमध्ये जे भाग असतात, त्यांतून अत्यल्प प्रवाह धातूच्या पेटीवर येतो आणि तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. मुंग्या येणे म्हणजे ती तार कुठेतरी तुटलेली आहे. त्या स्थितीत खरा बिघाड झाला तर सबंध दाब पेटीवर येऊ शकतो. संगणक घेण्याआधीच जाणत्या वायरमनकडून ते सॉकेट तपासून घ्यावे आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कधीही बसवू नये. घरात ऑक्सिजन कॉन्संट्रेटर, नेब्युलायझर किंवा शय्याव्रण टाळण्यासाठीच्या हवेच्या गादीचा पंप असेल, तर त्यांना संगणकाच्या एक्स्टेन्शन बोर्डावर जागा देऊ नये. त्यांचे सॉकेट वेगळेच हवे.

वरचा भाग आता लवकर उरकतो. एसएसडी किमान ५०० जीबीची, शक्य तर १ टीबीची घ्यावी. हल्लीचे काही खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा खातात. रॅम १६ जीबी, तीही एका पट्टीत न घेता ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. प्रोसेसर असा घ्यावा ज्याच्या अंगातच ग्राफिक्स आहे. एएमडीच्या रायझन मालिकेतील ‘जी’ अक्षराने संपणारे प्रोसेसर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. इंटेलच्या क्रमांकाअखेरी ‘एफ’ असेल तर मात्र त्यात ग्राफिक्स नसते आणि वेगळ्या कार्डावाचून पडद्यावर काही दिसणारच नाही. असा प्रोसेसर घेतला की अभ्यास आणि हलकेफुलके खेळ दोन्ही चालतात, आणि ग्राफिक्स कार्डासाठी वर्षभर थांबता येते. नात वास्तुशास्त्र किंवा अ‍ॅनिमेशन शिकणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्राफिक्स कार्ड हेच अभ्यासाचे साहित्य आहे आणि त्याला हात आखडू नये. उन्हाळ्याचाही विचार असू द्यावा. खेळताना यंत्राने ३०० वॉट वीज घेतली, तर तेवढीच उष्णता खोलीत येते. तीन तास खेळले की जवळजवळ एक युनिट जळते आणि विदर्भातल्या मे महिन्यात ती खोली नकोशी होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा इतरत्र वापरलेले संगणक स्वस्तात मिळतात. घेण्याआधी ते विंडोज ११ चालवू शकतात का, हे विचारावे. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्याच यंत्रावरून तुम्ही पेन्शनचे खाते पाहणार असाल, तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. नातवाचे आणि तुमचे लॉगिनही वेगळे असावे.

राहिली गेमची धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिले आणि ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात खेळण्याच्या तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडून खेळच पुढे येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, हे सारे साधारण वर्षभर टिकले तर तो विकार मानतात. परीक्षेनंतर चार तास खेळणारा मुलगा यात बसत नाही. झोप, जेवण, मित्र आणि अंघोळ सुटू लागली, तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

खरेदीच्या वेळी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. जोडलेल्या संगणकाला एक हमी नसते. प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि मुदतही वेगळी. बिलावर सर्व भागांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत आणि ते बिल तुमच्या औषधांच्या फाइलशेजारी ठेवावे, कारण नातवाच्या कपाटात ते सापडणार नाही. यंत्र जोडून झाले की पहिल्याच संध्याकाळी स्वतःचा चष्मा लावून समोर बसावे आणि अक्षरे १२५ टक्के मोठी करायला सांगावे. तरीही मान पुढे न्यावी लागली, तर १५० टक्के.