गिरिपुष्पाखाली काय उगवतं?

स्वारगेटहून पर्वती आणि तिच्यामागे तळजई-पाचगावच्या टेकड्या पावसाळ्यात हिरव्यागार दिसतात. त्या हिरवाईत मोठा वाटा गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा आहे. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे झाड गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वनीकरणासाठी पुण्याच्या टेकड्यांवर मुबलक लावलं गेलं. ते मुरमाड जमिनीत तगतं, झपाट्याने वाढतं आणि शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. ते माती धरेल, तिच्यात नत्र साठवेल आणि मग त्याच्या आडोशाला इथली झाडं आपोआप येतील, अशी आशा होती. माझ्या मते ती बरीचशी फोल ठरली आहे आणि नुसतं थांबून राहिल्याने ती फळणार नाही.

आधी आलेली वनस्पती पुढच्यांची वाट मोकळी करतेच, असं नाही. कॉनेल आणि स्लॅटियर या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच मांडलं की पहिले रहिवासी कधी मदत करतात, कधी तटस्थ राहतात, तर कधी चक्क वाट अडवतात. गिरिपुष्पाच्या दाट राईत हा तिसरा प्रकार दिसतो. त्याला पानं असतात ती नेमकी पावसाळ्यात, आणि कुसळीसारख्या गवताला तेव्हाच भरपूर ऊन हवं असतं. गवत गेलं की त्यात फुलणारी दीपकाडी जाते, जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाचा आसरा जातो. गिरिपुष्पाची शेंग वाळली की तडकते आणि बिया लांब उडवते. तिला गर नाही, त्यामुळे बुलबुलांना तिथे खायला काही नाही. चंदनाची फळं खाऊन त्यांच्या बिया पसरवणारे हेच पक्षी आहेत.

यावर म्हटलं जातं की गवताळ टेकडी म्हणजे जंगल तुटल्यावर उरलेली ओसाडी. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले असे विरळ झाडांचे माळ शतकानुशतकं माळच असल्याचं दिसलं. म्हणजे तिथे दाट झाडी उभी करणं ही दुरुस्ती नव्हेच.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. शहर तापत असताना झाडं तोडायची? सरसकट तोडायला माझाही विरोध आहे. गिरिपुष्प बुंध्यापासून पुन्हा फुटतं, त्यामुळे एकदा कुऱ्हाड चालवून काही साधत नाही, आणि उघड्या उतारावरची माती मात्र पहिल्याच पावसात वाहून जाते. म्हणून सुरुवात सपाट माथ्यावर, छोट्या तुकड्यांत व्हावी. तिथे आपसूक उगवलेली मेडशिंगी, धावडा, खैर राखावीत, नवे धुमारे दरवर्षी छाटावेत, उन्हाळ्यात वणव्यावर पहारा ठेवावा. मोकळ्या झालेल्या जागेत खड्डे खणून नवी रोपं लावण्याची घाई करू नये. आधी दोन-तीन पावसाळे गवताला द्यावेत.