विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरलं तरी 77 लाख, मग ऋतुजा, प्रार्थना आणि अर्जुन जिथून वर आले तिथं किती मिळतात?

तर झालं असं, 2025 चं विम्बल्डन सुरू होतं. जठारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर एकानं मोबाईलवर पोस्ट दाखवली. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूला 66 हजार पौंड. आपले साधारण 77 लाख रुपये.

"हरून बी 77 लाख?" टपरीवर एकदम शांतता.

शेजारी एक काका बसले होते. चौकापासून जवळच त्यांचं दुकान आहे. त्यांची बारा वर्षांची पोरगी टेनिस खेळते. ते म्हणाले, "मंग पोरीले टेनिसच खेळू द्या लागते ना बाप्पा. शाळा कायले?"

सगळे हसले, काका हसले नाहीत. आणि प्रश्न तसा बरोबरच आहे. अकोल्यात पोरगं बॉक्सिंगला घातलं तर पुढे काय, हे लोकांना माहिती आहे. क्रिकेटला घातलं तर अथर्व तायडेचं उदाहरण समोर आहे. टेनिसचं कुणालाच काही माहिती नाही, कारण आपण टेनिस बघतो ते थेट सगळ्यात वरच्या मजल्यावरचं.

आधी हा वरचा मजला किती लहान आहे ते बघू. विम्बल्डनच्या एकेरीच्या मुख्य फेरीत पुरुष 128 आणि महिला 128. यातल्या साधारण 104 जणांना रँकिंगवर थेट प्रवेश मिळतो, बाकीचे पात्रता फेरीतून किंवा वाइल्ड कार्डवर येतात. त्याच्या खाली एटीपी आणि डब्ल्यूटीएच्या स्पर्धा, पुरुषांमध्ये त्याखाली चॅलेंजर, आणि सगळ्यात तळाला आयटीएफच्या स्पर्धा. करिअरची सुरुवात या तळातून होते. बहुतेकांचा शेवटही तिथंच होतो.

तळातली पहिली पायरी म्हणजे एम 15. एम म्हणजे पुरुष, 15 म्हणजे 15 हजार डॉलर. हे 15 हजार विजेत्याचे नाहीत बरं का, अख्ख्या स्पर्धेचे आहेत. एकेरीचे 32 खेळाडू आणि दुहेरीच्या जोड्या यांच्यात ते वाटले जातात. एकेरीत पहिल्या फेरीत हरलात तर साधारण 156 डॉलर, म्हणजे 13 हजार रुपये. काही देशांत त्यातूनही आधी कर कापतात. एटीपीचा गुण? शून्य. पहिली फेरी जिंकली तर एक गुण. आठवडाभर कुणाकडूनच हरला नाहीत आणि स्पर्धा जिंकलीत, तर 15 गुण आणि साधारण 2,160 डॉलर. रुपयात एक लाख 80 हजारांच्या आसपास. दुहेरी जिंकली तर जोडीला मिळून हजार डॉलरही नाहीत, तेही अर्धे-अर्धे.

आता हा आकडा विदर्भाच्या रणजी संघाशेजारी ठेवून बघा. रणजीत अंतिम अकरामध्ये असलेल्या नवख्या खेळाडूला बीसीसीआय दिवसाला 40 हजार रुपये देतं. चार दिवसांच्या मॅचचे झाले एक लाख 60 हजार. प्रवास, हॉटेल, जेवण, कोच, फिजिओ या सगळ्याचा खर्च असोसिएशनचा. म्हणजे रणजीत पदार्पण करणारा पोरगा शून्यावर बाद झाला तरी त्याला जवळपास तेवढे मिळतात, जेवढे टेनिसपटूला जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन पाच मॅच सलग जिंकल्यावर मिळतात. आणि टेनिसवाल्याला त्यातून विमानाचं तिकीट, खोली, जेवण, रॅकेटला गटिंग करून घेणं आणि व्हिसा हे सगळं भागवायचं असतं.

टेनिसपटू हा पगारी खेळाडू नाही, तो दुकानदार आहे. भांडवल त्याचं, माल त्याचा, तोटाही त्याचाच.

बरं, हे दुकान किती दिवस उघडं राहील हेही माहिती नसतं. सोमवारी-मंगळवारी हरला की आठवडा संपला. फायनलला गेला तर रविवारपर्यंत खोलीचं भाडं चालू. त्यामुळे परतीचं तिकीट आधी काढता येत नाही आणि ऐनवेळी काढलं की महाग पडतं. स्पर्धेच्या नावापुढे "प्लस एच" लिहिलेलं असेल तर खेळाडू खूश होतात, कारण एच म्हणजे राहण्याची सोय आयोजकांकडून. खेळाडूच्या करिअरमध्ये एवढ्याशा अक्षराला किंमत असते हे मलाही हा विषय वाचायला घेईपर्यंत माहिती नव्हतं.

त्यात कमावलेले गुण फक्त 52 आठवडे टिकतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या आठवड्यात गळतात. दोन-तीन महिने खांदा दुखावला की रँकिंग घसरतं, रँकिंग घसरलं की मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळत नाही, आणि पुन्हा एम 15 पासून सुरू.

आयटीएफनं स्वतःच 2013 सालच्या आकड्यांवरून हिशोब काढला होता. व्यावसायिक स्पर्धा खेळणारे खेळाडू साधारण 14 हजार. वर्षाचा सरासरी खर्च पुरुषांचा 38,800 डॉलर, महिलांचा 40,180 डॉलर, आणि यात कोचचा पगार धरलेला नाही. कोच सोडून खर्च आणि कमाई बरोबरीत यायला पुरुषाचं रँकिंग 336 आणि महिलेचं 253 च्या आत लागतं. त्याच्या खाली असलेला माणूस जागतिक क्रमवारीत आहे, पण खिशातून पैसे घालून.

भारतात हे पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यात आलं ते सुमित नागलमुळे. सप्टेंबर 2023 मध्ये देशाचा एक नंबरचा एकेरी खेळाडू असलेल्या नागलनं पीटीआयला सांगितलं की त्याच्या खात्यात 900 युरो उरलेत. वर्षाचा खर्च 80 लाख ते एक कोटी, आणि 24 स्पर्धा खेळून कमाई साधारण 65 लाख. त्यातला मोठा वाटा यूएस ओपनच्या पात्रता फेरीत हरल्याचा! चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं 31 व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि एका झटक्यात एक लाख 80 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. जुलै 2024 मध्ये तो 68 व्या नंबरवर होता. 2025 च्या मध्यावर 200 च्या बाहेर.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ

बार्शीची प्रार्थना ठोंबरे. बार्शीतून निघालेली ही पोरगी 2014 च्या इंचॉन एशियाडमध्ये सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचं कांस्य जिंकते. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सानियासोबतच उतरते. सानिया तेव्हा दुहेरीत जगात अव्वल होती. चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई या जोडीकडून दोघी पहिल्याच फेरीत तीन सेटमध्ये हरल्या. टीव्हीवर देशानं प्रार्थनाला बघितलं ते तेवढंच. त्यानंतर ती कुठं होती? आयटीएफच्या स्पर्धांमध्ये. दर आठवड्याला नवं गाव, कधी नवी जोडीदार. या पातळीवर दुहेरीची जोडी कित्येकदा स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावरच जुळते.

पुण्याची ऋतुजा भोसले. वडील पोलीस खात्यात. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, परत आली, 2020 ला फेड कपच्या प्ले-ऑफला पहिल्यांदा पोचलेल्या भारतीय संघात होती. 30 सप्टेंबर 2023 ला हांगझोऊ एशियाडमध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीची फायनल. पहिला सेट 2-6 असा गेला, मग 6-3, 10-4 आणि सोनं. सगळ्यांच्या स्टेटसला तिचा फोटो. पण एशियाडच्या पदकाला रँकिंगचा एकही गुण नसतो. जानेवारी 2024 मध्ये बोपण्णा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीत जगात एक नंबर झाला. त्याच सोन्याची दुसरी मानकरी पुन्हा आयटीएफच्या ड्रॉमध्ये.

पुण्याच्याच अर्जुन कढेची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेटकडून कॉलेज टेनिस, मग एकेरी-दुहेरी दोन्ही, आणि शेवटी फक्त दुहेरी. ऑक्टोबर 2024 मध्ये, वयाच्या तिशीत, ऋत्विक बोल्लीपल्लीसोबत त्यानं अल्माटीमध्ये पहिलं एटीपी विजेतेपद जिंकलं. सुपर टायब्रेक 14-12. दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर आपण त्याचं नाव इथं वेगळ्या कारणानं घेतलं असतं.

आपले खेळाडू दुहेरीकडे का वळतात, याचं उत्तरही इथंच आहे. शरीर जास्त वर्षं टिकतं आणि वर पोचायला जागा थोडी मोकळी असते. मात्र सुरक्षा तिथंही नाही. एटीपीनं 2024 पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली, सुरुवातीला पहिल्या 100 जणांना तीन लाख डॉलर, 175 पर्यंत दीड लाख, 250 पर्यंत 75 हजार. पण ती एकेरीच्या रँकिंगवर चालते. 251 व्या माणसाला काहीच नाही.

म्हणून या खेळाडूंसाठी घराजवळच्या स्पर्धा हाच खरा आधार. सोलापूरसारख्या शहरात महिलांची आयटीएफ स्पर्धा होते तेव्हा स्थानिक पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. पण तिथं खेळणाऱ्या भारतीय पोरीचं त्या आठवड्याचं विमानाचं तिकीट आणि व्हिसा वाचलेला असतो. युरोपातला खेळाडू शेजारच्या देशात गाडीनं जातो, आपल्याला त्याच स्पर्धेसाठी आधी शेंगेनची अपॉइंटमेंट शोधावी लागते.

आणि यात आपला फोन कुठे येतो?

या रिकाम्या स्टँडसमोर चाललेल्या मॅचचा प्रत्येक गुण पंच टॅबवर टाकतो आणि तो जगभरच्या सट्टेबाजांकडे जातो. आयटीएफनं हा डेटा स्पोर्टरडार कंपनीला पाच वर्षांसाठी सात कोटी डॉलरला विकला होता. म्हणजे 13 हजारांसाठी खेळणाऱ्याच्या मॅचवर त्याच्या बक्षिसाच्या कित्येक पट पैसा लागलेला असतो. 2018 मध्ये स्वतंत्र चौकशी समितीनं या खालच्या पातळीवरच्या गैरप्रकारांना त्सुनामी म्हटलं. सर्वेक्षणातल्या 3,200 हून जास्त खेळाडूंपैकी 464 जणांनी मॅच-फिक्सिंग प्रत्यक्ष माहिती असल्याचं सांगितलं.

फिक्सिंग न करणाऱ्यालाही सुटका नाही. पैसे बुडालेला माणूस थेट खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर जातो. आयटीएफ आणि डब्ल्यूटीएच्या अहवालानुसार 2024 मध्ये 458 खेळाडूंना मिळून साधारण आठ हजार शिवीगाळीचे, धमक्यांचे मेसेज आले आणि त्यातले 40 टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. सोमवारी हरलेला पोरगा खोलीवर येऊन परतीचं तिकीट शोधायला फोन उघडतो आणि आधी हे वाचतो.

हे सगळं मी टपरीवर काकांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी मधेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. 156 गुणिले 85 करून बघितलं. मग विचारलं, "सरकारी नोकरीत तरी कामी येते का?"

येतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, टेनिसपटूही निकषात बसले तर त्यात येतात. पण त्यासाठी पदक लागतं, एम 15 मधले चार-सहा गुण तिथं कुणी विचारत नाही.

काकांनी चहाचे पैसे दिले. त्यांच्या पोरीची पुण्यात 14 वर्षांखालची स्पर्धा आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीत, जाण्याची. येण्याची अजून काढली नाहीत.