गाडी वेशीबाहेर, माणूस गावात



आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील पुष्कळ घरांतून चैत्रात सप्तशृंगी गडावर जाण्याची रीत आहे. खानदेशातून कितीतरी जण पायी जातात, बाकीचे वाहनाने जातात. हा गड नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात आहे आणि त्याच्या पायथ्याशी नांदुरी हे गाव आहे. यात्रेच्या दिवसांत व नवरात्रात खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात. तेथून पुढचा घाट एस.टी.ने चढायचा, अशी व्यवस्था असते. मोठ्या शहरांत हिलाच 'पार्क अँड राइड' म्हणतात. आपण सोप्या भाषेत म्हणू, 'गाडी ठेवा, बसने जा'.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरात ही व्यवस्था १९७३ पासून कायमची चालू आहे. नाशिकला २०१५ च्या सिंहस्थात गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना एस.टी.ने आत नेले होते. पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ साली आहेत, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आहे. अशा चर्चेत बहुतेक वेळ जातो तो वाहनतळ कोठे करावा, किती एकरांचा करावा यात. माझे मत जरा वेगळे आहे. ही व्यवस्था फसते ती बहुधा वाहनतळापाशी नव्हे, बसपाशी फसते. ते कसे, हे थोडे गणित मांडून पाहू या.

प्रथम जागेचा हिशेब. एक मोटार उभी करण्यास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. आत येण्याजाण्याची वाट धरली, की हा आकडा सुमारे दुप्पट, म्हणजे २५ चौरस मीटर होतो. आता दोन हजार मोटारी आल्या असे समजा. त्यांना ५०,००० चौरस मीटर, म्हणजे ५ हेक्टर जमीन लागेल. जुन्या बाजारपेठेत एवढी मोकळी जमीन कोठून आणणार? उलट माणसाला बसायला अर्धा चौरस मीटरही पुरतो. शहराची जागा माणसे खात नाहीत, उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारी खातात. म्हणून त्या वेशीबाहेर ठेवणे शहाणपणाचेच आहे.

आता रस्त्याचा हिशेब. एकामागून एक धावणाऱ्या दोन मोटारींत निदान दोन सेकंदांचे अंतर हवे. म्हणजे एका रांगेतून तासाला फार तर १,८०० मोटारी जातील. प्रत्येकीत दोन माणसे धरली, तर माणसे झाली ३,६००. तेवढीच माणसे ४५ आसनांच्या ८० बसगाड्या वाहून नेतील. कोठे १,८०० आणि कोठे ८०! येथवर सारे गणित बसच्या बाजूचे आहे. मग अडते कोठे?

पहिली अडचण थांबण्याच्या वेळेची. दर वीस मिनिटांनी बस येत असेल, तर प्रवाशाला सरासरी दहा मिनिटे वाट पाहावी लागते. पण बसगाड्या दोन-दोनच्या जोडीने आल्या तर? बसची संख्या तीच, परंतु आता दर चाळीस मिनिटांनी एक जोडी येते आणि सरासरी वीस मिनिटे थांबावे लागते. अशा जोड्या जुळतात का, याचे कारणही मोठे गमतीचे आहे. एखाद्या बसला थोडा उशीर झाला, की थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागच्या बसला मात्र माणसे थोडी मिळतात, ती झपाट्याने येते आणि पुढचीला गाठते. बसगाड्यांना मोटारींच्याच गर्दीतून जावे लागले, तर हा प्रकार हमखास होतो. मग आपली मोटार सोडून बसमध्ये बसण्यात प्रवाशाचा फायदा तो काय? नांदुरीला ही व्यवस्था चालते, कारण खाजगी गाड्या खालीच अडवल्यामुळे घाट बसला मोकळा मिळतो. शहरात वाटा अनेक. तेथे बसला राखीव मार्गिका दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी अडचण परतीची. सकाळी लोक सवडीने येतात, पण परतताना सगळ्यांना एकदमच घर आठवते. समजा, परतीच्या थांब्यावर तासाला ३,६०० माणसे येत आहेत आणि बसगाड्या २,७०० नेत आहेत. दर तासाला ९०० माणसे मागे राहतील. तीन तासांनी ही रांग २,७०० माणसांची होईल, आणि पुढे एकही माणूस आला नाही तरी शेवटच्याला पूर्ण तास उभे राहावे लागेल. रात्रीची वेळ, कडेवर मूल, पिण्याला पाणी नाही, अशा स्थितीत हा तास फार मोठा असतो. म्हणून बसगाड्यांची संख्या दिवसाच्या सरासरीवरून न ठरवता सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरवली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, गाड्या सरसकट लांबच अडवा! तो अनुभवही आपल्यापाशी आहे. नाशिकला २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही पर्वणीला निर्बंध फार कडक होते. भाविकांना बरेच अंतर पायी तुडवावे लागले, तक्रारी झाल्या आणि पुढच्या पर्वणीला निर्बंध सैल करावे लागले. गाडी अडवणे सोपे असते. अडवलेल्या माणसाला पुढे पोचवणे, हेच खरे काम.

तिसरी अडचण सर्वांत कमी बोलली जाते, आणि तीच आपल्या जिल्ह्याला जास्त लागू आहे. ग्रॅहॅम पार्कहर्स्ट या ब्रिटिश अभ्यासकाने १९९५ साली प्रश्न विचारला, की अशा वाहनतळांमुळे मोटारींची रहदारी उलट वाढत तर नाही ना? पूर्वी जो माणूस घरापासूनच बसने येत असे, तो वाहनतळ झाल्यावर तेथपर्यंत मोटारीने येऊ लागतो. हेच आपल्याकडे लावून पाहा. शहाद्याला व तळोद्याला रेल्वे नाही; तेथील कितीतरी माणसे गाडी पकडायला नंदुरबार स्टेशनवर येतात. शहराच्या कडेला फुकट वाहनतळ झाला, तर आज एस.टी.ने येणारा उद्या मोटारसायकलवर येईल. गावच्या बसमधील प्रवासी घटतील. प्रवासी घटले की फेरी कमी होईल. आणि ज्याच्या घरी मोटारसायकल नाही, तो थांब्यावर उभाच राहील.

यात्रेसाठी जादा बसगाड्या सोडतात, त्याही आकाशातून पडत नाहीत. त्या कोठल्या तरी आगाराच्या नेहमीच्या फेऱ्यांतून काढाव्या लागतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या बाजूची एक फेरी रद्द झाली, तर कोणाची शाळा बुडते, हे तुम्हांला सांगायला नको. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे; पण बसच आली नाही, तर तो पास वहीत ठेवून काय उपयोग?

म्हणून माझ्या मते कामांचा क्रम असा असावा. आधी गावापासून वेळेवर सुटणारी बस. मग शहरात त्या बसला मोकळी वाट. आणि शेवटी वाहनतळ, तोही दिवे, पाणी, शौचालय आणि सावली यांसह. शहराच्या मधोमध गाडी उभी करण्याचे भाडे मात्र वेशीवरच्या भाड्यापेक्षा चांगले जास्त ठेवावे. नाही तर बाहेर कोण थांबेल? आज बहुधा नेमके याच्या उलट्या क्रमाने विचार होतो.

माझे मत तुम्ही मानलेच पाहिजे असे नाही. पडताळा घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार पाहायला दूरदूरचे लोक तापीकाठी येतात. तेथे जाल तेव्हा, किंवा एरवी आपल्या बसस्थानकावर, वही व घड्याळ घेऊन दोघे-तिघे मित्र एक तास बसा. दर पाच मिनिटांनी रांगेत किती माणसे आली आणि बसमध्ये किती चढली, ते लिहा. दोन्ही बेरजा एकाच आलेखावर काढा. दोन रेषांमधील उभे अंतर म्हणजे त्या क्षणाची रांग. आडवे अंतर म्हणजे माणसाने पाहिलेली वाट. पूर्ण झालेला आलेख आगारप्रमुखांना नेऊन दाखवा आणि गर्दीच्या तासाला किती बस हव्यात, ते त्यावर बोट ठेवून विचारा.