हरवला नाही, अडवला आहे

बाई पोलीस ठाण्यात जाते. सांगते, "नवऱ्याने माझा पासपोर्ट ठेवून घेतलाय, मागितला तर देत नाही." ठाणे अंमलदार तसा वाईट माणूस नसतो. तो म्हणतो, "ताई, पासपोर्ट हरवला असं लिहून द्या, आत्ता दाखला देतो. नवऱ्याचं नाव कशाला घालता त्यात? घरातली भानगड आहे." बाई दमलेली असते, तिला कागद हवा असतो. ती ‘हरवला’ लिहून देते. त्या एका शब्दासरशी नवरा मोकळा होतो आणि बाई निष्काळजी ठरते.

मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते या ‘हरवला’शी. तो खोटा तर आहेच, पण महागातही पडतो. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. उद्या कौटुंबिक न्यायालयात नवऱ्याचा वकील तोच पासपोर्ट टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "काय बाई, हरवला होता ना?" मग तिच्या मारहाणीच्या तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार? शिवाय हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो, मागाहून हाती आला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. त्यात अमेरिकेचा व्हिसा चिकटवलेला असेल तर तोही गेल्यात जमा.

हे कागद सासरच्या कपाटात जातात कसे? लग्नानंतर नाव बदलायचं म्हणून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, पॅन असं सगळं एका फायलीत घालून नवऱ्याच्या हाती दिलं जातं. देतो कोण? पुष्कळदा मुलीचा बापच, मोठ्या कौतुकाने. व्हिसाचं काम असेल तर बोलायलाच नको. "फॉर्म मी भरतो, तुला त्यातलं काय कळतंय!" इंजिनियर झालेल्या, बँकेत अधिकारी असलेल्या मुलींना हे ऐकवलं जातं, आणि त्या ऐकून घेतात, कारण ते प्रेमाने म्हटलेलं असतं. पूर्वी दागिने असेच ‘सांभाळायला’ घेतले जायचे. अजूनही घेतात म्हणा. फरक एवढाच की दागिने गेले तर बाई गरीब होते. कागद गेले तर ती कोण आहे हेच तिला सिद्ध करता येत नाही. नोकरी नाही, खातं नाही, भाड्याची खोली नाही, मुलाला शाळेत घालायची सोय नाही.

आमच्या केंद्रात आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत होती, एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला टाचणीने जोडलेली बायको. दोघं दिवाळीला घरी आली. पाडवा झाला आणि नवरा ‘मुंबईला जरा काम आहे’ म्हणून निघाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तो तिकडूनच. तिचा पासपोर्ट त्याच्या बॅगेत गेला होता. तिची पदवी, बँकेचं कार्ड, थंडीचे कपडे सगळं तिकडच्या घरात. सासूबाई म्हणाल्या, "राहा की इथं आमच्याजवळ, काय कमी आहे?"

हा विसराळूपणा नव्हे. अशा इतक्या जणी भेटल्या आहेत की मला ती आता रीतच वाटते. त्याने तिकडच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करायचा, नोटीस इकडे पाठवायची. हिने हजर राहायचं तर पासपोर्ट नाही. पासपोर्ट नवा काढला तर व्हिसा नाही. आणि एच-फोर व्हिसा मागायचा तर त्याच नवऱ्याच्या नोकरीचे कागद जोडायला हवेत! निकाल एकतर्फी लागतो आणि कागदोपत्री असं दिसतं की बाईला यायचंच नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नीरजा सराफ खटल्यात सुचवलं होतं, की परदेशस्थ नवऱ्यांच्या बायकांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा. त्यावरचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं २०१९ मध्ये. विधी आयोगाने आणखी एक अहवाल दिला २०२४ मध्ये. कायदा अजून झालेला नाही. आणि ते विधेयक वाचून पाहा. नवऱ्याचा पासपोर्ट जप्त करण्याची तरतूद त्यात आहे. नवऱ्याने दडवलेला बायकोचा पासपोर्ट तिला परत मिळवून देण्याबद्दल एक ओळ नाही. पळून गेलेल्याला पकडायचं एवढंच सरकारला सुचलं. जिला कोंडून ठेवलंय तिच्या हातात किल्ली द्यावी हे सुचलं नाही. इंग्लंडमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटना वर्षानुवर्षं या टाकून दिलेल्या बायकांसाठी भांडल्या, तेव्हा कुठे जानेवारी २०२४ अखेरपासून, तिथे जोडीदाराच्या व्हिसावर राहिलेल्या आणि नवऱ्याने मायदेशी आणून सोडलेल्या बाईला बाहेरून परतण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

पासपोर्ट आहे कुणाचा? कलम १७ म्हणतं, तो केंद्र सरकारच्या मालकीचा. २००८ मध्ये सुरेश नंदा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलीस किंवा सीबीआय पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतील, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार फक्त पासपोर्ट प्राधिकरणाला आहे. जे सीबीआयला करता येत नाही ते आमच्याकडे कुणाही नवऱ्याला, दिराला, सासऱ्याला करता येतं, आणि त्याला ‘घरातली भानगड’ म्हणतात.

"कागदाची काय एवढी किंमत?" असं विचारणारे भेटतात, त्यात काळे कोट घातलेलेही असतात. त्यांना १९६१ चा अभयानंद मिश्र खटला दाखवावा. परीक्षेच्या प्रवेशपत्राला बाजारात काही किंमत नसली तरी परीक्षा देणाऱ्याच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचं आहे, म्हणून ती ‘मालमत्ता’च, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं. तो खटला एका पुरुषाने विद्यापीठाला फसवू पाहिल्याचा होता. विद्यापीठाचा कागद ही मालमत्ता, मग बाईची गुणपत्रिका काय रद्दी?

कायद्याचा आधार अगदीच नाही असं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या कलम १९ (८) खाली न्यायदंडाधिकारी सासरच्यांना हुकूम देऊ शकतात, की तिचं स्त्रीधन, इतर मालमत्ता आणि मूल्यवान रोखे तिला परत करा. आपले अर्ज लिहिणारे वकील यातलं ‘स्त्रीधन’ तेवढं उचलतात. तोळे, वाट्या, पाटल्या यांची दोन पानं यादी, आणि कागदांचं नावही नाही! यादीत पहिल्या ओळीला पासपोर्ट हवा, मग गुणपत्रिका, दाखले, आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले. आणि एक बारकावा. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड ही कलम ३१ ची शिक्षा संरक्षण आदेशाला लागू आहे. कलम १९ चा आदेश हा निवासाचा आदेश. म्हणून कागद अडवणं ही आर्थिक आणि मानसिक हिंसा आहे असं म्हणत तीच मागणी कलम १८ खालीही करावी. दोन्हीकडे मागितलं की पळवाट अरुंद होते. कलम २३ खाली अंतरिम, अगदी एकतर्फी आदेशही मागता येतो. आणि बाई तात्पुरती माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, सासरच्या तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत.

जी अजून तिकडेच अडकली आहे तिच्याबद्दल थोडक्यात. भारतीय वकिलात तिला आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकते, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. तिला परतायचंच नसेल तर तो उपाय म्हणजे नवऱ्याच्या मनासारखंच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत संरक्षण आदेशातच पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद परत मागता येतात. न्यू जर्सीत मानवी आणि न्यूयॉर्कमध्ये सखी या संघटना १९८० च्या दशकापासून आपल्याकडच्या बायकांबरोबर हेच काम करत आहेत. इथून जाणाऱ्या मुलींना लोणच्याच्या बरण्यांबरोबर ही नावंही द्यावीत.

आता थोडं आपल्या घरातलं. समेटाच्या बैठका आपण घेतो. नवऱ्याकडची माणसं येतात, चहा होतो, आणि तासाभराने त्यांच्यातला एखादा शहाणा काका म्हणतो, "पोटगीचा हट्ट सोडा, सही करा, आम्ही उद्या सगळे कागद आणून देतो." आणि आपल्यातल्याही काही जणींना वाटतं, मिळतायत ना कागद, सुटली बिचारी. मी या सौद्याला बसत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अटींमध्ये ‘पती पत्नीस तिची शैक्षणिक प्रमाणपत्रे परत करील’ हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. तिचीच वस्तू तिला परत देण्याबद्दल तिने काय मोजायचं? पोटगीवर घासाघीस होऊ शकते, राहण्याच्या जागेवर होऊ शकते. ओळखीच्या कागदांवर नाही. ते आधी टेबलावर येतील, मग खुर्च्या ओढून बोलायला बसू.

एक सहकारी म्हणते, "ताणून धरलंस तर तो जाळून टाकेल." जाळले आहेत, मी पाहिले आहेत. पण खरं सांगायचं तर त्याची ताकद या धमकीतच जास्त आहे. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, पदवीची विद्यापीठातून, जन्मदाखल्याची नगरपालिका-ग्रामपंचायतीतून, आधार तर केंद्रावर बोटाच्या ठशावर निघतं. हेलपाटे पडतात, रजा मोडते, पैसे जातात, तो सगळा खर्चही अर्जात नुकसानभरपाई म्हणून मागावा. पण बाईला एकदा कळलं की मूळ नोंद त्याच्या कपाटात नाही, की तिचा आवाज बदलतो. बैठकीत ते ऐकू येतं.

आणि हे केवळ सासरचं दुखणं नाही. परजातीतल्या मुलावर प्रेम बसलं म्हणून बापाने किंवा भावाने मुलीचा दहावीचा दाखला लपवून ठेवला, अशी प्रकरणं आपल्याकडे कमी येतात का? विशेष विवाह कायद्याखाली वयाचा पुरावा लागतो, तीस दिवसांची नोटीस लागते. दाखला दडवला की तीस दिवसांची सुरुवातच होत नाही. तेवढ्यात दुसरीकडे सोयरीक उरकता येते. घराची अब्रू म्हणून जे काही सांभाळलं जातं त्यात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला केव्हा जाऊन बसला कोण जाणे.

आता कपाटाचीही गरज राहिलेली नाही. आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा असला की झालं. बाईच्या हातात कार्ड असतं, पण ओटीपी वाजतो त्याच्या खिशात. बँक, रेशन, शिष्यवृत्ती, डिजिलॉकर, सगळीकडे त्याची परवानगी. हा नंबर आधार केंद्रावर जाऊन, स्वतःच्या ठशावर बदलून घेता येतो, त्याला नवऱ्याची सही लागत नाही. प्रत्येक गटाने आपल्या बायकांचं हे एक काम आधी करून घ्यावं.

पण सरकारच जिथे नवऱ्याचा ओटीपी मागतं तिथे काय करायचं? २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचं आधार आणि त्यावर आलेला ओटीपीही मागितला गेला. ज्या परित्यक्तेचा नवरा दहा वर्षं तोंड दाखवत नाही तिने त्याला फोन करून म्हणायचं, अहो, आकडा सांगता का? विधवा आणि घटस्फोटितांसाठी सरकारने मागाहून वेगळी सोय केली, तीही ओरड झाल्यावर. पण टाकलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला असतो ना घटस्फोटाचा हुकूमनामा. परित्यक्तेला तिच्या स्वतःच्या नावावर रेशनकार्ड द्या, यासाठी या राज्यातल्या बायका १९८० च्या दशकात परिषदा घेत होत्या, मोर्चे काढत होत्या. चाळीस वर्षांनी तीच बाई पुन्हा नवऱ्याच्या दारात, या वेळी सहा आकडे मागायला.

पासपोर्टच्या नियमांत २०१६ च्या डिसेंबरमध्ये बदल झाले. लग्नाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली, विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव घालण्याची गरज उरली नाही. म्हणजे अर्जाचा नमुना बदलू शकतो. त्याच नमुन्यात नवा पासपोर्ट का हवा याची कारणं विचारली आहेत: मुदत संपली, पानं संपली, खराब झाला, हरवला, तपशील बदलला. ‘कुटुंबातील व्यक्तीने अडवून ठेवला’ असा रकाना नाही. तो हवा. त्या रकान्यावर खूण केली की अर्जाची प्रत आपोआप संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि ज्याने अडवला त्याला नोटीस. तोवर पोलिसांच्या तक्रारीत आणि शपथपत्रात, कितीही आग्रह झाला तरी, घडलं तेच लिहायचं: कुणी ठेवून घेतला, कुठल्या तारखेपासून, कितीदा मागितला, काय उत्तर मिळालं. अंमलदार पोच देत नसेल तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि पोस्टाची पावती बाईच्या स्वतःच्या पिशवीत.