ढोल झाले, लेझीम झाली. आता वर्ग भरवा

न्यू जर्सीतल्या मराठी बंधू-भगिनींनो,

हे पत्रक तुमच्या हातात येईल तेव्हा तुम्ही बहुधा महाप्रसादाच्या रांगेत असाल. रांग लवकर सरकत नाही हा जुना अनुभव आहे, तेव्हा वाचून होईल.

आमची तक्रार सरळ आहे. आपल्या मंडळांना शाळेचा हॉल भाड्याने मिळतो, पुण्या-मुंबईचे गायक आणता येतात, ढोलपथक उभं करता येतं, तीन-चार प्रकारच्या मिठाया असलेली पंगत उठवता येते. पण देशातून आलेल्या माणसाला चार वाक्यं इंग्रजी बोलायला शिकवावं, त्याला नोकरीची वाट दाखवावी, सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करून घ्यावी, यासाठी आठवड्यातला एक तास निघत नाही. जमत नाही असं नाही. मनातच येत नाही.

"आपल्यात अशी गरज कुणाला आहे?" असं एका पदाधिकाऱ्यांनी आम्हाला विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून जास्त वाईट वाटलं. आपण टोफेल-जीआरई देऊन आलो, एच-वनवर आलो, पहिल्या महिन्यापासून पगार घेतला. इमिग्रंट म्हणजे ते दुसरे, पहाटे हार्डवेअरच्या दुकानाबाहेर रोजंदारीची वाट बघत उभे असतात ते. वर्ग त्यांच्यासाठी. ही समजूत फार सोयीची आहे. ती धरून बसलं की काहीच करावं लागत नाही.

एडिसनमधलं कुठलंही मराठी घर घ्या. सकाळी साडेआठपर्यंत मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेच्या बसमध्ये. मागे आजी. ही बाई वाईच्या बाजारात एकटीने सगळा व्यवहार करायची. भावात तिला फसवण्याची कुणाची छाती नव्हती. इथे दाराची बेल वाजली की ती आत जाऊन उभी राहते. फोन वाजला तर वाजू देते. औषधाच्या दुकानातला रेकॉर्ड केलेला आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणतो, आणि ती फोन ठेवून मुलाची मीटिंग संपायची वाट बघते. डॉक्टरकडे दुखणं आईचं आणि बोलतो मुलगा. बाईमाणसाच्या काही तक्रारी मुलासमोर निघत नाहीत. त्या तशाच घरी परत येतात. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या इस्पितळाने दुभाषा फुकट पुरवला पाहिजे असा इथला नियम आहे. तो मागता येतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि ही आजी इथे आली कशी? आईवडिलांच्या ग्रीनकार्डासाठी अर्ज फक्त अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाला किंवा मुलीला करता येतो, तोही वयाची एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या. नुसत्या ग्रीनकार्डावर असलेल्याला तो करताच येत नाही. म्हणजे मुलाच्या अर्जावर ग्रीनकार्ड घेऊन बसलेल्या प्रत्येक आजी-आजोबांच्या घरात नागरिकत्वाच्या मार्गावरून गेलेला एक माणूस आहे. त्याला तो रस्ता पाठ आहे. तो आईचा हात धरून तिला तिथून नेत का नाही?

नेतो म्हणतात. "मुलगा शिकवेल की घरीच." आम्ही ही घरची शिकवणी पाहिलेली आहे. पाच मिनिटांत आवाज चढतो, "आई, किती वेळा सांगितलं" होतं, आणि पुस्तक फ्रिजवर जातं. आपल्या मुलाकडून शिकायला कुणालाच आवडत नाही. दुसऱ्याच्या मुलाकडून माणूस आनंदाने शिकतो. वर्गाची गरज इथेच आहे.

आता सुनेकडे वळू. सांगलीकडे दहा वर्षं शाळेत शिकवलेली बाई एच-फोरवर आली. २६ मे २०१५ पर्यंत एच-फोरवरच्या बायकोला इथे नोकरी करण्याची परवानगीच नव्हती. त्यानंतरही ती फक्त काहींना मिळाली. मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीनकार्डासाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला असेल तर. त्या वाट बघण्यात वर्षं गेली. वर्क परमिट आलं तेव्हा हातात होती जुनी बी.एड. आणि मधली मोठी रिकामी जागा. आज ती पोळीभाजीचे डबे करते. डब्यांना आम्ही कमी लेखत नाही, आमच्यातले दोघे तेच जेवतात. पण डबा तिने निवडलेला नाही. तो उरला म्हणून केला. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन कुठून करून घ्यायचं, अर्जात मधली वर्षं कशी मांडायची, हे तिला कुणी सांगितलं असतं तर? पाळणाघरं आणि बालवाड्यांत कामासाठी सीडीए नावाचं प्रमाणपत्र आहे. त्याला १२० तासांचं प्रशिक्षण आणि लहान मुलांबरोबर ४८० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. शिक्षिकेला हे अवघड नाही. ही माहिती तिच्यापर्यंत आणायला मंडळातली एक बाई पुरेशी होती.

राहिलं नागरिकत्व. इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्या लोकांत या विषयावर गैरसमज फार आणि भीती त्याहून जास्त. भारताचा पासपोर्ट परत करताना पोटात कालवतं हे खरं आहे. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही, ओसीआय कार्डावर समाधान मानावं लागतं. ज्याला ते नको त्याने घेऊ नये. पण ज्याला हवं आहे, तो केवळ परीक्षेला घाबरून मागे राहतो हे आम्हाला मान्य नाही.

परीक्षा काय आहे ते ऐका. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी इतिहास-राज्यपद्धतीच्या १२८ प्रश्नांची यादी आहे. अधिकारी त्यातले २० पर्यंत विचारतो, १२ बरोबर आले की पास. पूर्वी यादी १०० ची होती, दहातले सहा पुरत. म्हणजे ती अवघड झाली आहे आणि तयारीची गरज वाढली आहे. इंग्रजीत एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. पण वय ५० आणि ग्रीनकार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि ग्रीनकार्डाला १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ. प्रश्नोत्तरं दुभाषा घेऊन मराठीत देता येतात. पासष्टीच्या पुढचे आणि २० वर्षं ग्रीनकार्डवर असलेले यांना तर फक्त वीस प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारतात, सहा आले की झालं. नापास झालात तर त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते. सत्तरीतले किती आजोबा केवळ "आता या वयात इंग्रजी कुठे" म्हणून घरी बसले असतील!

खरी अडचण यादीत नसते, अर्जात असते. बोलण्याचं इंग्रजी अधिकारी त्या अर्जातले प्रश्न विचारूनच तपासतो. कधी अटक झाली होती का, एकाच वेळी दोन लग्नं केली होती का, कम्युनिस्ट किंवा हुकूमशाही पक्षाचे सभासद होता का. सोलापूरच्या सज्जन काकू असले प्रश्न ऐकून गोंधळतात आणि नम्रपणे सगळ्यांना "येस" म्हणतात. (लाल बावट्याखाली उमेदवारी काढलेले गिरणीकामगार आजोबा असतील तर त्यांनी अर्जाआधी वकील गाठावा. हे आम्ही गंमत म्हणून लिहीत नाही.) हे प्रश्न आठ-दहा आठवडे समोरासमोर बसून, एकाने अधिकारी व्हायचं आणि एकाने अर्जदार, असे घोटून घेतले की भीती जाते. याला पदवी लागत नाही. धीर लागतो.

पैशांची बाजूही सांगून टाकतो. अर्जाची फी कागदावर ७६० आणि ऑनलाइन ७१० डॉलर आहे. उत्पन्न कमी असेल तर सवलत आहे, फार कमी असेल तर माफीही. ती न सांगता वर स्वतःचे पैसे घेऊन "फॉर्म भरून देतो" म्हणणारे एजंट आपल्याच बाजारपेठेत बसले आहेत. कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार वकिलाला आहे, किंवा न्यायखात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेतल्या अधिकृत प्रतिनिधीला. ही मान्यता मिळवणं कष्टाचं आहे, पण वकिलांनी भरलेल्या समाजाला अशक्य मुळीच नाही. तोपर्यंत मंडळाने शिकवावं, आणि सल्ल्यासाठी योग्य दार दाखवावं.

"सरकार करतंच की" असंही ऐकू येतं. नागरिकत्वाच्या वर्गांना केंद्र सरकार २००९ पासून अनुदान देत होतं. ते २०२५ मध्ये बंद केलं. लायब्ररीत इंग्रजीचे वर्ग आहेत आणि ते चांगले आहेत. ज्या आजीला गाडी चालवता येत नाही तिला तिथे कोण पोचवणार तेवढं सांगा.

हे काम आपल्या संस्कृतीत बसत नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्याने रोझेलला जाऊन यावं. एडिसनपासून ते लांब नाही. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी जोशी अमेरिकेत उतरली ती रोझेलच्या थिओडोसिया कारपेंटर यांच्या घरी राहिली. त्याआधी तिचे पती गोपाळराव जोशी यांनी मदतीसाठी लिहिलेल्या पत्राला प्रिन्स्टनहून निघणाऱ्या मिशनरी मासिकाच्या संपादकांनी धर्म बदलण्याचा सल्ला दिला होता. कारपेंटरबाईंनी मासिकात छापलेलं ते पत्र दाताच्या डॉक्टरकडे बसल्या-बसल्या वाचलं आणि कुठलीही अट न घालता दार उघडलं. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. आपण त्यांच्यावर नाटकं बसवतो, तिकिटं विकतो. कारपेंटरबाईंचं काम मात्र कुणी पुढे चालवत नाही.

दुसऱ्या समाजांनी तर यासाठी संस्थाच उभ्या केल्या. १८८९ साली न्यूयॉर्कमध्ये आधी स्थिरावलेल्या, पैसेवाल्या जर्मन ज्यूंनी पूर्व युरोपातून येणाऱ्या गरीब ज्यूंसाठी एज्युकेशनल अलायन्स काढली. इंग्रजी आणि नागरिकत्वाचे वर्ग हे तिचं मुख्य काम. त्यांनी नवागतांच्या यिडिशला नाकं मुरडली, ती चूक आपण करायची नाही. जवळचं उदाहरण हवं असेल तर क्वीन्समधली नेपाळी भाषकांची 'अधिकार' ही संस्था पाहा. २००५ साली सुरू झाली. नेल सलूनमध्ये आणि लोकांच्या घरी काम करणाऱ्या बायका तिथे इंग्रजी शिकतात, आणि शिकता-शिकता कामाच्या जागेवरचे हक्क मागायला शिकतात. त्यांच्याकडे आपल्याइतके इंजिनियर नाहीत, आपल्याइतका पैसा तर नाहीच.

"मंडळात राजकारण नको" हा शेवटचा आक्षेप. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरवला, आणि मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली गेली. तो हक्क परत मिळायला १९४६ उजाडलं. तो मिळवताना कुणीतरी राजकारण केलं, म्हणून आज आपण इथे आरती करतो. शिवाय इंग्रजीच्या वर्गात कसलं राजकारण? आपली बहुतेक मंडळं देणग्यांवर करसवलत घेतात ती धर्मादाय आणि शैक्षणिक कामाच्या नावावर. वर्षाला दोन संगीत रजनी हे त्या कामाचं पुरेसं रूप आहे का, हे कार्यकारिणीने स्वतःला विचारावं.

नवीन काही उभारायचं नाही. रविवारी मराठी शाळा भरते. स्वयंसेवक शिक्षक नातवंडांना बाराखडी शिकवतात, भारती विद्यापीठाच्या परीक्षेला बसवतात. हे काम सोन्यासारखं आहे. त्या दोन तासांत आईबाप आणि आजी-आजोबा कॅफेटेरियात चहाचे थर्मास उघडून बसलेले असतात. जागा भाड्याने घेतलेलीच आहे. माणसं आलेली आहेत. गाडीचा प्रश्न सुटलेला आहे. शेजारच्या खोलीत फळा आहे. आणि दार फक्त मराठी माणसाला उघडू नका. ओक ट्री रोडवरच्या हॉटेलांच्या भटारखान्यात राबणारा तेलुगू पोरगा आणि भांडी घासणारा इक्वाडोरचा माणूस, दोघांनाही तेच इंग्रजी हवं आहे.

मंडळाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव आणत आहोत: मराठी शाळेच्या वेळेत इंग्रजी आणि नागरिकत्वाचा विनामूल्य वर्ग सुरू करावा, महिन्यातून एकदा नोकरी मार्गदर्शन ठेवावं, आणि त्यासाठी गणेशोत्सवाच्या मनोरंजनाच्या रकमेतला दहावा हिस्सा काढून ठेवावा. सभेला नेहमी वीस माणसं असतात आणि निर्णय तीच घेतात. या वेळी तुम्ही या. ठरावाला हात वर करा, आणि ज्यांना शिकवता येईल त्यांनी दारापाशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव लिहून जा.

आपले,
मंडळाचे काही वर्गणीदार सभासद