लाडू कोण करतं?



गेल्या महिन्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर किशोरींची बैठक होती. बाया शेतावर, पुरुष माणसं मुंबईला, त्यामुळे मुलींच्या कडेवर धाकटी भावंडंही आली. त्यांना गप्प बसवायला एकीने मोबाईलवर ‘छोटा भीम’ लावून दिला, आणि आमची बैठक तिथेच मोडली. मग मीही त्यांच्यात बसून पाहिलं.

२००८ पासून मुलं ही मालिका बघताहेत. ढोलकपूरवर संकट येतं, भीम लाडू खातो, अंगात बळ संचारतं, दुष्ट हरतो. यातून काय शिकलात, असं मी विचारलं. दुबळ्यांना मदत करावी, मित्रांना साथ द्यावी, मुलींनी घडाघडा सांगितलं. मग विचारलं, लाडू कोण करतं? “टुनटुन मौसी,” म्हणून हशा पिकला. गावाचं बळ ज्या लाडवांत, ते वळणारी बाई गोष्टीत विनोदापुरती. राजकन्या इंदुमतीला तर बऱ्याचदा सोडवून आणायचं असतं. ‘डोरेमॉन’मध्ये जादूचं दार चुकून शिझुकाच्या न्हाणीघरात उघडतं, ती किंचाळते, आणि बघणाऱ्याने हसायचं! पाण्यावर, ओढ्यावर जाताना मागून येणाऱ्या पोरांबद्दल याच मुली आम्हाला हलक्या आवाजात सांगतात.

मुलांना बोध तोंडपाठ होतो. पण मनात मुरतं ते गोष्टीत कुणी काय केलं, हे. कार्टूनवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. मोबाईल काढून घ्यायचा झाला तर घरात पहिला मुलीच्याच हातातून जातो.

चांगल्या गोष्टीही झाल्या आहेत. दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा लागणारा ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा चित्रपट विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केला. तिथे मुलांचे प्रश्न सोडवणारी, जाळं घेऊन उडणाऱ्या पाखरांची गोष्ट सांगणारी, दीदी आहे. पुढे १९९० च्या दशकात युनिसेफने ‘मीना’ आणली. तिची चित्रं मुंबईच्या राम मोहन यांच्या हाताखाली आकाराला आली. पुढच्या बैठकीला मी तिचे दोन भाग लॅपटॉपवर घेऊन गेले.

आंब्याच्या भागात राजूला मोठा वाटा मिळतो, मीनाला छोटा. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. भाषण नाही, उपदेश नाही, नुसती अदलाबदल. केर, पाणी, धाकटी बहीण सांभाळणं यात राजूचा जीव मेटाकुटीला येतो तेव्हा आमच्या मुली लोळून हसल्या. कडेवरच्या भावाला एकीने तिथल्या तिथे खाली ठेवला.

दुसऱ्या भागात मीनाला शाळेत धाडत नाहीत. मिठू पोपट शाळेच्या खिडकीशी बसून आकडे शिकतो आणि तिला शिकवतो. ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो, बाप शाळेला हो म्हणतो. मी वर्षानुवर्षं हा भाग दाखवते आहे. समाजकार्याच्या पदवीत आम्हाला तो नमुना म्हणून दाखवला होता. या वेळी मात्र नववीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, राजूने कुठे चोर पकडला होता? तो तर आधीपासूनच शाळेत जातोय.”

मला उत्तर सुचलं नाही. तिच्या घरी दहावीनंतर पुढे काय, याची बोलणी सुरू आहेत. कॉलेज दूर, वाडीवर एस.टी. येत नाही. आई म्हणते, मार्क चांगले पडले तर बघू. भावाला नापास होऊनही दुसऱ्यांदा बसवलं. १९२७ साली महाडात डॉ. आंबेडकरांनी बायांपुढे बोलताना मुलींना शिकवा असं सांगितलं, तेव्हा आधी चोर पकडून दाखवा, अशी अट घातली नव्हती.

आता मुली गोष्ट बदलून नाटुकलं बसवताहेत. त्यांच्या मीनाचा आकडा चुकतो, चोर कोंबडी घेऊन पसार होतो, आणि तरीही ती शाळेत जाते. एवढं ठरलंय. त्यावर बापाने काय म्हणायचं, यावर दोन बैठका भांडण चाललंय. बापाचं काम करायला कुणी तयार नाही.